बर्डीचं सोवळं

२६ नोव्हेंबर १८१७ ला दिवेलागणीच्या सुमारास नागपुरातल्या सीताबर्डीच्या, म्हणजे बर्डीच्या, दोन टेकड्यांवर गोळीबार सुरू झाला. रात्रभर चालला आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच थांबला. एका बाजूला नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि तिच्यातले कडवे अरब शिपाई. दुसऱ्या बाजूला रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स आणि लेफ्टनंट कर्नल स्कॉटची तुटपुंजी पलटण. सकाळी लहान टेकडी अरबांनी घेतली, तेव्हा इंग्रजांचं पारडं उतरलंच होतं. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने धडक मारली आणि डाव फिरला. इंग्रजांकडचे मेलेले नि जखमी मिळून ३६७ झाले.

लढाईचा इतिहास इथे संपतो आणि नागपूर कोणाच्या हाती गेलं ते सांगायला लागतो. जखमींच्या दृष्टीने मात्र दुपारी बंदुका थांबल्यावर खरी लढाई सुरू झाली. ती टेकडीखाली झाली, कुठल्याशा तंबूत किंवा बंगल्याच्या व्हरांड्यात, आणि तिथलं हत्यार होतं सर्जनची सुरी.

त्या काळच्या पलटणीच्या सर्जनकडे महोगनीची पेटी असे. आत मखमलीचं अस्तर, मखमलीत नेमक्या मापाच्या खाचा, आणि त्यांत हाड कापायची करवत, लांब पात्याची सुरी, गोळी उपसायचा चिमटा. मुठी अबनुसाच्या नाहीतर हस्तिदंताच्या. रक्ताने हात घसरू नये म्हणून त्यांवर बारीक चौकड्या कोरलेल्या. फार देखणी वस्तू. संग्रहालयात काचेमागे दिसली की उचलून पाहावीशी वाटते. पण त्या चौकड्यांच्या रेघारेघांत आधीच्या माणसाचं रक्त वाळून बसायचं, आणि मखमल तर धुताच येत नाही. एकावर चालवलेली सुरी फडक्याला किंवा कोटाच्या बाहीला पुसायची आणि पुढच्यावर धरायची, हाच शिरस्ता होता. त्याला हलगर्जी म्हणणं अन्यायाचं होईल. जखमेत पू धरला की युरोपातले भलेभले डॉक्टर समाधानाने मान डोलवत. दाट, पांढरट, फारसा वास नसलेला पू म्हणजे जखम भरून येण्याची खूण, असं ते मानत आणि त्याला चक्क ‘स्तुत्य पू’ म्हणत.

आपल्याकडे सुश्रुताने १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं सांगून ठेवली होती. शस्त्राला पाणी कशात द्यायचं, क्षारात की साध्या पाण्यात की तेलात, याचाही विचार त्यात आहे. जखमी माणसाच्या खोलीत गुग्गुळ, मोहरी, कडुनिंबाचा पाला यांची धुरी द्यावी हेही आहे. पण १८१७ पर्यंत ग्रंथ पंडितांकडे आणि वस्तरा न्हाव्याकडे अशी वाटणी होऊन कितीतरी शतकं लोटली होती. ज्याच्या हाताला कापायचा सराव, त्याला ग्रंथ वाचायची मुभा नाही. ज्याला मुभा, तो रक्ताला शिवायचा नाही.

शिवायचं नाही, हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे लागणार आहे.

१८६७ साली दोन गोष्टी घडल्या. भुसावळहून निघालेली आगगाडी नागपूरला येऊन पोचली. आणि ग्लासगोच्या जोसेफ लिस्टर नावाच्या सर्जनने ‘लॅन्सेट’मध्ये लेखमाला छापली. पहिल्या गोष्टीचा नागपुरात गाजावाजा झाला असणार. दुसरीला इथे पोचायला अवकाश होता, पण ज्या वाटेने ती बर्डीला आली ती वाट आधीच पाडलेली होती. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्येच नागपुरात येऊन बसला होता. त्याचं नाव आज कॉलेजमुळे लोकांच्या तोंडी आहे. तेव्हापासून नागपूर आणि स्कॉटलंड यांच्यात माणसांची, पुस्तकांची, पेट्यांची ये-जा सुरू राहिली.

लिस्टरने केलं काय? १२ ऑगस्ट १८६५ ला जेम्स ग्रीनलीस नावाचा अकरा वर्षांचा पोरगा त्याच्या वॉर्डात आला. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून कातडीबाहेर आलेलं. अशा पायाला तेव्हा दोनच वाटा होत्या. मांडीपासून कापायचा, नाहीतर सडू द्यायचा. लिस्टरने पाश्चरचे आंबण्यासंबंधीचे प्रयोग वाचले होते. दूध नासतं तसं मांसही कशामुळे तरी ‘नासतं’, आणि ते ‘कशामुळे तरी’ बाहेरून येतं, हे त्याला पटलं होतं. त्याने जखमेवर कार्बोलिक ॲसिडात भिजवलेलं फडकं बांधलं. हे कार्बोलिक म्हणजे डांबरातून निघणारं, गटारांची घाण मारायला वापरलं जाणारं रसायन. पोरगा काही आठवड्यांत चालत घरी गेला. त्यानंतर लिस्टर हात, दोरे, सुऱ्या, चिमटे सगळं कार्बोलिकच्या पाण्यात बुडवू लागला. पुढे हवेत कार्बोलिकचा फवारा मारायचं यंत्रही आणलं. १८७१ मध्ये बाल्मोरलला खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या काखेतलं गळू त्याने फोडलं, तेव्हा फवारा राणीसाहेबांच्या तोंडावर उडाला. कार्बोलिकने डॉक्टरांच्या हातांची सालं निघत, नाकात वास भरून राही, खोकला येई. १८९० मध्ये लिस्टरने स्वतःच फवारा सोडून दिला. हवेपेक्षा हात आणि हत्यारं यांच्यातून जास्त घाण जाते, हे तोवर कळून चुकलं होतं.

बर्लिनच्या एर्न्स्ट फोन बर्गमनने आणि त्याच्या हाताखालच्या कुर्ट शिमेलबुशने यापुढचं पाऊल टाकलं, आणि मला ते लिस्टरच्या पावलापेक्षा मोठं वाटतं. त्यांचं म्हणणं, जंतू जखमेत शिरल्यावर त्यांच्यामागे विष घेऊन धावण्यापेक्षा त्यांना शिरूच देऊ नये. कापूस, फडकी, अंगरखे वाफेत ठेवा. हत्यारं उकळा. पण उकळल्यावर पोलाद गंजतं, त्याचं काय? शिमेलबुशने उपाय काढला, पाण्यात एक टक्का धुण्याचा सोडा घाला. सोड्याच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, म्हणजे जंतूही मरतात आणि गंजही चढत नाही. आजीने पातेल्यात सोडा टाकून फडकी उकळावीत त्यातलाच हा प्रकार. शिमेलबुशला आयुष्य मात्र थोडं लाभलं. १८९५ साली, पस्तिशीही न गाठता तो गेला.

या उकळण्याने हत्यारांचं रूपच बदललं. अबनुसाच्या मुठी उकळत्या पाण्यात तडकू लागल्या, हस्तिदंत पिवळं पडून सुटू लागलं. म्हणून मुठीही पोलादाच्या झाल्या, पात्याला एकजीव जोडलेल्या, वर निकेलचा मुलामा दिलेल्या. चौकड्यांची नक्षी गेली. मखमलीची पेटी गेली आणि तिच्या जागी पत्र्याची तबकं आली. कात्री आणि चिमटे यांचे सांधे सुटे होतील असे बनू लागले, मधला खिळा न काढता दोन्ही पाती वेगळी करून घासता यावीत म्हणून. १८८० ची नि १९०० ची हत्यारं शेजारी ठेवली तर मधल्या वीस वर्षांत काय झालं ते कोणी न सांगता कळावं. पहिली वस्तू सोनाराच्या हातची वाटते, दुसरी लोहाराच्या.

वाफेचं म्हणाल तर नागपूरला वाफ नवी नव्हती. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. तिच्या बॉयलरवर राबणाऱ्याला ठाऊक होतं की बंद भांड्यातली वाफ उघड्या भांड्यातल्या वाफेसारखी नसते. पॅरिसमध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत चार्ल्स शाम्बरलँडने १८७९ मध्ये बनवलेला ऑटोक्लेव्ह म्हणजे त्या बॉयलरचंच धाकटं भावंड. जाड भिंतीचं भांडं, स्क्रूने आवळायचं झाकण, दाब दाखवणारं घड्याळ आणि वाफ सोडायची तोटी. त्यात दर चौरस इंचावर १५ पौंड दाब चढला की वाफ १२१ अंशांवर जाते. उघड्या पातेल्यात कितीही जाळ घाला, पाणी शंभराच्या वर चढत नाही. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटर उंच असल्याने इथे शंभरही पुरते भरत नाहीत, अंशभर कमीच. आणि धनुर्वाताच्या जंतूची कवचबंद बीजं शंभर अंशांना दाद देत नाहीत. हे वीस-एकवीस अंश पुढे फार महागात पडायचे होते.

१८९६ मध्ये बर्डीत, महाराजबागेच्या रस्त्याला, स्कॉटिश मिशनने बायकामुलांसाठी इस्पितळ सुरू केलं. म्यूर मेमोरियल. बायकांसाठीच का, तर पुरुष डॉक्टरपुढे हात काढून नाडी दाखवणंही जिथे अवघड, तिथे अडलेली बाळंतीण घरातच मरायची. वर्षानुवर्षं भोसल्यांच्या बागेत फिरायला जाणाऱ्या लोकांच्या वाटेवर आता एक असं ठिकाण आलं जिथे दिवसभर पाणी उकळत असे.

त्या काळच्या मिशन इस्पितळातलं थिएटर म्हणजे एक चुना दिलेली खोली, मोठ्या खिडक्या, घासून काढता येईल अशी फरशी. कोपऱ्यात स्टोव्ह. त्यावर लांबट भांडं. विलायतेत डॉक्टर मंडळी सुरुवातीला मासे शिजवायचं लांबोडकं पातेलंच यासाठी वापरत, कारण आत जाळीची ताटली असते आणि ती दोन्ही बाजूंच्या कड्यांना धरून उचलता येते. भांड्यात सोड्याचं पाणी. पाणी खळखळू लागलं की ताटली आत सोडायची, आणि घड्याळ तेव्हापासून. आधीपासून धरलेला वेळ मोजायचा नाही. मध्येच कोणी विसरलेली कात्री टाकली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. नागपूरचं पाणी जड. दोन-चार महिन्यांत भांड्याच्या बुडाला क्षारांचं पांढरं पुट धरणार, ते खरवडत बसायचं. आणि हे सगळं मे महिन्यात, बाहेर ४५ अंश, आत पेटलेला स्टोव्ह, अंगावर उकळून वाळवलेला जाड अंगरखा. मला त्या थिएटरात राबणाऱ्या बायांचं कौतुक वाटतं ते प्रथम या कारणासाठी.

सोवळं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे थिएटर परकं वाटायला नको होतं. धुतलेलं लुगडं उंच वलणीवर काठीने वाळत घालायचं, काठीनेच काढायचं. नेसल्यावर नेसण्याआधीचं काही शिवायचं नाही. पोर येऊन पायाला बिलगलं की सगळं मोडलं, पुन्हा आंघोळ. ‘एवढंसं तर लागलं’ ही सबब चालत नाही. लोणच्याच्या बरणीला ओला हात नाही, दह्याच्या विरजणाला खरकटा चमचा नाही. थिएटरचेही हेच नियम. उकळलेल्या तबकावर उकळलेलं फडकं. तबकातलं काढायचं ते कार्बोलिकच्या भांड्यात उभ्या ठेवलेल्या लांब चिमट्याने, आणि तो चिमटा म्हणजे सोवळ्याची काठीच. हात धुतल्यावर कोपरं वर, बोटं वर, कशालाही टेकायचं नाही. नाक खाजलं तरी खाजू द्यायचं. पेठेतल्या एखाद्या म्हाताऱ्या सोवळ्या बाईला या खोलीत उभं केलं असतं तर तिला कुठल्याही युरोपीय पाहुण्यापेक्षा लवकर उमगलं असतं की इथे काय चाललंय.

पण तिला एक गोष्ट कधीच पचली नसती. या इस्पितळांतल्या देशी नर्सा बहुतेक ख्रिस्ती मुली होत्या. पुष्कळजणी अशा जातींतून आलेल्या ज्यांना गावच्या विहिरीवर घागर भरायची बंदी. थिएटरात अंगरखा घालून, हात घासून उभी राहिली की ‘मला शिवू नका’ म्हणायचा हक्क तिचा. रुग्णाचा नवरा कितीही मोठ्या घरचा असो, त्याला दाराबाहेर थांबावं लागे, नाहीतर चपला काढून मागे सरावं लागे. जन्माने आलेलं सोवळं तिथे कामाचं नव्हतं. सोड्याच्या पाण्यात पाच मिनिटं न उकळलेली कात्री ब्राह्मणाच्या घरची असली तरी ओवळीच. नागपुरात शिवाशिवीच्या या प्रश्नावर पुढे केवढं काय घडलं हे सांगायची गरज नाही. बर्डीच्या या खोलीत त्याची एक बिनबोभाट तालीम होत होती, एवढंच मला म्हणायचंय, आणि तालमीतल्या कोणी तसा विचार केला असेल असंही माझं म्हणणं नाही. त्यांना पुढची बाळंतीण दिसत होती.

याच सुमाराला देशावर प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत, मग रेल्वेच्या रुळांनी सगळीकडे. ओडेसाचा वाल्देमार हाफकिन मुंबईत येऊन बसला आणि १० जानेवारी १८९७ ला स्वतःलाच टोचून त्याने आपली लस तपासली. परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात त्याची प्रयोगशाळा थाटली गेली, तीच पुढची हाफकिन इन्स्टिट्यूट. तिथून लसीच्या बाटल्या पेटाऱ्यांत भरून देशभर जात. त्यांतल्या एका बाटलीची गोष्ट सांगायला हवी. ती नागपूरची नाही, पण इथल्या प्रत्येक थिएटरच्या दारावर टांगावी अशी आहे.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मल्कोवाल गाव. १०७ लोकांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना काही दिवसांनी जबडा आवळल्यासारखा वाटू लागला. मग मान ताठ, मग पाठीची कमान. धनुर्वात. एकोणीसच्या एकोणीस गेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाटलीवरचा क्रमांक ५३ एन.

बोट सरळ परळकडे दाखवलं गेलं. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली (बर्डीच्या जेन्किन्सशी या जेन्किन्सचं नाव जुळतं तो योगायोग). हाफकिनने लसीत घालायचं अर्धा टक्का कार्बोलिक बंद करून उष्णतेवर भिस्त ठेवली होती. ठपका त्यावरच ठेवला गेला. हाफकिनचं काम गेलं, नाव गेलं. चौकशीच्या कागदांत एक साधी साक्ष मात्र पडून होती. बाटली उघडताना मल्कोवालच्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. पडलेला चिमटा दिव्याच्या ज्योतीतून तापवून घ्यायचा, असा नियम. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हिसळला आणि त्याच चिमट्याने बाटलीचं बूच उपसलं.

जमीन म्हणजे शेणमातीची जमीन. गुराघोड्यांच्या शेणात धनुर्वाताची बीजं असतात. कार्बोलिकमध्ये दोन क्षण हिसळून ती मरत नाहीत. बूच उपसताना त्यांतली काही बाटलीत उतरली आणि १९ दंडांत गेली. परळमध्येच घाण शिरली असती तर बाटली उघडताना तिचा वास आला असता, असाही मुद्दा पुढे निघाला. पाच वर्षं हे भिजत पडलं. शेवटी रोनाल्ड रॉसने, म्हणजे मलेरियाच्या डासाचं गूढ उकलणाऱ्यानेच, १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये हाफकिनची बाजू मांडली. इतर शास्त्रज्ञांच्या सह्या मिळाल्या आणि सरकारला हाफकिनला निर्दोष ठरवावं लागलं. पण तोवर माणसाची उमेद गेली होती. मदतनिसाचं पुढे काय झालं, त्याची चौकशी कोणी केली नाही. मला या गोष्टीत हाफकिनइतकाच तोही दिसतो. गावभर रांग लागलेली, साहेब घाईत, हातातून चिमटा सुटलेला. दिवा दोन हातांवर. कार्बोलिकचं भांडं एका हातावर.

आज बर्डीच्या ज्या चौकात मेट्रोच्या दोन मार्गांची गाठ पडते तो मुंजे चौक. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे राजकारणामुळे लोकांच्या लक्षात आहेत. पण ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८९८ साली बाहेर पडलेले, बोअर युद्धात वैद्यकीय पथकाबरोबर दक्षिण आफ्रिकेला जाऊन आलेले मुंजे पेशाने डोळ्यांचे डॉक्टर होते. नेत्ररोगांवर त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला. राजकारण बाजूला ठेवून त्यांच्या धंद्यातली एक अडचण इथे सांगावीशी वाटते, कारण शिमेलबुशचा सोडा तिथे हात टेकतो.

मोतीबिंदूची सुरी, ग्रेफेची, काडीसारखी अरुंद आणि कागदासारखी पातळ असे. बुबुळाच्या कडेने एका झटक्यात आरपार जायला हवी. तिची धार पाहायची रीत अशी, की एका लहानशा डबीवर पातळ कोवळं चामडं ढोलकीच्या पुडीसारखं ताणून बसवायचं आणि सुरीचं टोक त्यावर नुसतं टेकवायचं. सुरीने आपल्या वजनानेच आत जायला हवं. जरा करकर आवाज झाला की सुरी बाद. आता ही सुरी उकळायला टाका. पाण्याच्या खळखळाटात ती ताटलीला आपटते आणि धार गेलीच. म्हणून डोळ्यांचे डॉक्टर सुऱ्या कापसात गुंडाळून, वेगळ्या धरून, क्षणभरच उकळत, नाहीतर स्पिरिटात किंवा कार्बोलिकमध्ये बुडवून ठेवत. म्हणजे ज्या अवयवात जंतू शिरला तर डोळा जातोच, त्याच अवयवाच्या हत्याराला सर्वांत सौम्य शुद्धी मिळायची. हा पेच पुष्कळ वर्षं सुटला नाही. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीला न गंजणारं पोलाद सापडलं आणि हळूहळू निकेलचा मुलामा मागे पडला, तेव्हा निम्मा सुटला.

मेयो इस्पितळ तर १८६२ पासून होतंच. १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघालं आणि १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज. तिथून शिकून निघालेले डॉक्टर विदर्भभर पसरले, आणि त्यांच्याबरोबर एक लांबट चकचकीत डबाही घरोघर माहीत झाला. ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकातलं आहे त्यांना त्या डब्याचा आवाज अजून आठवेल. आत काचेच्या सिरिंजा, नळी वेगळी नि दांडा वेगळा, खाली सुया. पाणी उकळताना काच एकमेकीवर किणकिणायची. बाकावर बसलेलं पोर त्या किणकिणीनेच रडायला लागायचं. कंपाउंडर चिमट्याने नळी काढायचा, झटकायचा, दांडा बसवायचा. सुया बोथट झाल्या की दगडावर घासून पुन्हा धार लावायची, आतून बुजू नयेत म्हणून बारीक तार घालून ठेवायची. मोठ्या इस्पितळात रबरी हातमोजेही धुऊन, पावडर लावून, दोरीवर वाळत घालत. फाटलेल्याला ठिगळ लावून पुन्हा वाफेत.

गर्दीच्या दिवशी त्या डब्याखालचा जाळ किती वेळ राहायचा, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पाणी ‘गरम’ झालं म्हणजे झालं, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी होती. घरात प्रेशर कुकर आल्यावर डाळ शिजायला किती शिट्ट्या लागतात ते प्रत्येक बाईला कळलं, पण दवाखान्याच्या डब्याला शिट्टी नव्हती. काविळीचा विषाणू अशा सुयांतून किती घरांत गेला असेल त्याचा विचार न केलेला बरा. १९८६ मध्ये देशात एचआयव्ही सापडला आणि मग घाबरून का होईना, काचेची सिरिंज गेली. सरकारी लसीकरणात २००५ पासून एकदाच दाबता येईल अशीच सिरिंज आली. त्या किणकिणणाऱ्या डब्यात आता कोणाच्या तरी घरी शिवणकामाचं सामान असेल.

सगळंच मात्र एकदा वापरून फेकता येत नाही. कात्री, आर्टरी (रक्तवाहिनी दाबून धरायचा चिमटा), रिट्रॅक्टर, हाडांच्या डॉक्टरांचे हातोडे नि छिन्न्या, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या लांब नळ्या ही सारी परत परत वापरायचीच. बर्डीला लागून असलेल्या धंतोली-रामदासपेठेत आज दर चार घरांमागे एक इस्पितळ आहे, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात कुठेतरी हे जुनं काम चालू आहे. ऑटोक्लेव्ह आता १३४ अंशांवर तीन-चार मिनिटांत काम संपवतो. गाठोड्यावर चिकटवलेल्या पट्टीवरच्या फिक्या रेघा वाफ लागली की काळ्या होतात. रोज सकाळी पहिल्या फेरीत रिकाम्या ऑटोक्लेव्हात, गाठोड्याच्या मधोमध रंग बदलणारा कागद घालून पाहायचा, वाफ आतपर्यंत पोचते की हवेचा बुडबुडा अडतोय. ही बोवी-डिक चाचणी १९६३ मधली, एडिंबराच्या इस्पितळातली. लिस्टर ज्या गावी शिकवून गेला तिथलीच. स्कॉटलंडने बर्डीचा पिच्छा सोडला नाही.

दुर्बिणीच्या नळ्या १३४ अंश सोसत नाहीत, म्हणून बरीच वर्षं त्या सायडेक्समध्ये, म्हणजे ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावात, बुडवायची पद्धत होती. कार्बोलिकच्या भांड्याचाच नवा अवतार. मग देशात ठिकठिकाणी असे रुग्ण दिसू लागले ज्यांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठीक झाली, पण पोटावरच्या बारीक छिद्रांतून महिन्या-दीड महिन्याने पाणी झिरपू लागलं. क्षयाच्या जंतूच्या जातीतलेच, पण पाण्यात राहणारे जंतू. नळी द्रावात पुरेसा वेळ ठेवली नव्हती, किंवा काढून नळाच्या पाण्याखाली धरली होती. पुन्हा मल्कोवालचा हिसळलेला चिमटा.

आणि या सगळ्याच्या आधी असतं घासणं. त्याबद्दल कोणी लेख लिहीत नाही. रक्त लागलेली आर्टरी आधी थंड पाण्यात सोडायची असते. कढत पाण्यात टाकली तर रक्त अंड्यासारखं गोठून लोखंडाला चिकटतं, आणि मग त्या पापुद्र्याखाली जंतू वाफेपासून सुखरूप राहतात. दुधाचं पातेलं घासणाऱ्याला हे ठाऊक असतं. आर्टरीचं मर्म तिच्या सांध्यात. दोन पाती जिथे एकमेकींत अडकतात ती चौकोनी खोबण, नखाएवढी. तिथे बारीक ब्रश घालून घासावं लागतं, आणि घासून झालं तरी काम संपत नाही.

मोठ्या इस्पितळांत हे घासण्या-वाफवण्याचं काम करणाऱ्या खात्याला सीएसएसडी (सेंट्रल स्टराइल सप्लाय डिपार्टमेंट) म्हणतात. तळघरात किंवा मागच्या अंगाला, रुग्णाला कधी न दिसणारी खोली. दुपारी थिएटरातून तबकं खाली येतात. नवी लागलेली मुलगी धुतलेल्या आर्टऱ्या ओळीने मांडते, टापटीप दिसाव्यात म्हणून एकेक खट् खट् करत बंद करते. जुनी मावशी येते, काही न बोलता त्यातली एक उचलते, दोन्ही कडी ओढून उघडते आणि पुन्हा ठेवते.

“उघड्या ठेव बाई सगळ्या. आत वाफ कुठून शिरंल?”

मुलगी पहिल्या आर्टरीपासून परत सुरू करते.